घर दाखवायला काढण्याआधी: ‘रिसेल-रेडी’ पॅकेजचं परीक्षण, ठाणे-नवी मुंबईच्या हिशेबाने

जुना फ्लॅट विकायला काढला की एजंटच्या पाठोपाठ आणखी एक जण बेल वाजवतो. रंग, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती आणि फोटो, सगळं आठवड्याभरात करून देतो म्हणणारा. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत रंगाचे ठेकेदार, डीप क्लीनिंगवाले आणि इंटेरियरवाले हे काम आता एकरकमी पॅकेज म्हणून विकतात. नावं निरनिराळी, कोटेशन जवळपास एकाच साच्यातलं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, त्या पॅकेजचंच आहे. कोटेशनमधल्या कुठल्या ओळीला पैसे द्यावेत, कुठली खोडावी आणि जी त्यात नसतेच ती कुठून भरून काढावी, ते बघू.

मत आधीच सांगून टाकतो. साफसफाई पैसे वसूल. रंग बरा, पण हिशेब तपासून. ओलीचं काम पॅकेजमध्ये देऊच नये. भाड्याचा सोफा आणून हॉल सजवणं इथल्या वन आणि टू बीएचकेला अनाठायी. पॅकेजमधली माणसं काम वाईट करतात असं नाही. सगळं सात दिवसांत बसवायचं असतं, म्हणून कामांचा क्रम चुकतो आणि भिंत सुकायच्या आत तिच्यावर रंग चढतो. मग दाखवायला सुरुवात झाल्यावर बघायला आलेल्या तिसऱ्या-चौथ्या पार्टीच्या वेळी कोपऱ्यात फुगवटा दिसू लागतो. एकदा तो दिसला की एजंट किंमत पाडायला त्याचाच आधार घेतो.

ओल: पॅकेजमधली सगळ्यात महाग चूक

ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही नैर्ऋत्येकडून, वाऱ्यासकट. रिसेलचं घर बघायला आलेला माणूस इथे काय बघतो? बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडकीखालचा पट्टा, वरच्या घराच्या बाथरूमखालचं सीलिंग आणि किचनच्या सिंकखालचं कपाट. सोबत सासरे किंवा काका असतील तर ते भिंतीला तळहात लावूनच बोलायला लागतात. म्हणजे तयारीची सुरुवात या चार जागांपासून. कोटेशनमध्ये मात्र ही ओळ शेवटी असते, ‘वॉटरप्रूफिंग टचअप’ अशी. या टचअपचा अर्थ पोपडे खरवडणं, पुट्टी भरणं आणि वरून ओलरोधक म्हणून विकलं जाणारं एखादं कोटिंग मारणं. पाणी भिंतीच्या मागून येत असेल तर पुढून मारलेलं कोटिंग त्याला अडवत नाही. पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं, कोटिंगमागे साचतं, खार फुटतो आणि पापुद्रा सुटतो. भिंतीवर पीओपी असेल तर काम आणखी लवकर बिघडतं, कारण पीओपी पाणी पितं आणि भुसभुशीत होतं.

ओल कुठून येते ते तिच्या वेळेवरून कळतं. बारा महिने, दिवसरात्र ओलसर राहणारा डाग म्हणजे बहुधा भिंतीतली पाण्याची लाइन. आंघोळी झाल्यावर दोन-चार तासांत गडद होणारा डाग म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं भांडं), कमोडचा सांधा किंवा ड्रेनेज. हळूहळू पसरणारा, कडेला पांढरी भुकटी असलेला डाग बाथरूमच्या फरशीचे सांधे उघडल्याची खूण. फक्त पावसात दिसणारा आणि दिवाळीनंतर गायब होणारा डाग बाहेरच्या भिंतीचा, खिडकीच्या चौकटीचा नाहीतर गच्चीचा. ठाण्यातल्या बऱ्याच इमारतींत बेडरूमच्या खिडकीबाहेर फ्लॉवर बेड, म्हणजे झाडांसाठीचे सज्जे, आहेत. काहींनी ते आत घेऊन खोली वाढवली. तुमच्या सीलिंगच्या कडेला ओल असेल आणि वरच्या मजल्यावर फ्लॉवर बेड असेल, तर आधी तिथे बघा.

अंदाजावर थांबायची गरज नाही. तपासण्या सोप्या आहेत आणि प्लंबर एका दिवसात त्या सुरू करून देतो. पाण्याच्या लाइनसाठी: सगळे नळ बंद, हातपंपाने लाइनला प्रेशर द्यायचं आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला तर गळती लाइनमध्ये. फरशीसाठी: ट्रॅपचं तोंड कापड आणि प्लास्टिकने घट्ट बंद करायचं, उंबरा ओलांडणार नाही एवढं इंचभर पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलची खूण करायची आणि 24 तासांनी खालच्या घरात जाऊन सीलिंग बघायचं. खालच्यांना आधी सांगा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्याच कारणाने गाजाल. भिंत सुकली का हे बघायला फूटभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवायचा. आतल्या बाजूला दव जमलं की रंगाचा विषयच बंद.

सांधे उघडे असतील तर इपॉक्सी ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा राळेचा मसाला) चांगला उपाय आहे, पण नीट केला तर. जुनं सिमेंट ग्राउट किमान तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायचं, भुकटी व्हॅक्यूमने ओढायची, सांधे पूर्ण सुकू द्यायचे आणि मग भरायचं. टाइल्सवर आलेलं जास्तीचं इपॉक्सी वीस-तीस मिनिटांत पुसलं नाही तर त्याचा चिकट धूसर थर बसतो आणि तो निघता निघत नाही. नंतर किमान 24 तास बाथरूम बंद. पॅकेजवाले सकाळी आंघोळी झालेल्या बाथरूममध्ये दुपारी ग्राउट भरतात, तेही जुन्याच्या वर. ओल्या सांध्यावर ते धरत नाही आणि काही आठवड्यांत पट्टीसारखं सोलून निघतं. आणि मूळ गळती लाइनमध्ये असेल तर कितीही उत्तम ग्राउट भरा, भिंतीला काही फरक पडत नाही.

भिंतीच्या दुरुस्तीचा खरा कालावधी असा. आधी पाणी बंद. मग डागाच्या चारही बाजूंना फूटभर जास्त धरून प्लास्टर विटेपर्यंत काढायचं. उघडी वीट पंखा लावून सुकू द्यायची. पॉलिमर मिसळलेलं प्लास्टर भरून सात दिवस पाणी मारायचं. पुन्हा सुकू द्यायचं, प्लास्टिकची चाचणी घ्यायची आणि मगच पुट्टी. हे सगळं तीन ते चार आठवड्यांचं काम आहे. सात दिवसांच्या पॅकेजमध्ये ते बसत नाही, कुणीही कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी.

खर्च कुणाचा, हा प्रश्न कोटेशनवाला विचारत नाही, तुम्ही विचारा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे बाहेरून होणारी गळती आणि सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम. सिंक, संडास, बाथरूम अशा आतल्या कारणांची गळती सभासदाची. गच्चीखालच्या मजल्यावर स्वतःच्या खिशातून सीलिंगचं कोटिंग मारण्याआधी संस्थेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काम वेळेत झालं नाही तरी ते पत्र खरेदीदाराला दाखवता येतं.

आणि लपवालपवीबद्दल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधी काळजी घेऊन सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणं बंधनकारक आहे. ओलीवर लॅमिनेटची पॅनेल ठोकून देणारे पॅकेजवाले हा धोका तुमच्या गळ्यात घालून निघून जातात. वेळ नसेल तर भिंत तशीच ठेवावी, प्लंबरचा लेखी अंदाज हातात ठेवावा आणि तेवढी रक्कम भावात धरावी. व्यवहार त्याने मोडत नाही. टोकन दिल्यावर पॅनेलमागे बुरशी सापडली की मोडतो.

रंग: ओळ ठीक, आकडे तपासा

रंगाऱ्यांचा ठोकताळा असा की कार्पेट क्षेत्रफळाला साडेतीनने गुणलं की भिंती आणि सीलिंग मिळून रंगवायचं क्षेत्रफळ मिळतं. म्हणजे 600 चौरस फूट कार्पेटच्या टू बीएचकेत साधारण 2,100 चौरस फूट. त्यातून बाथरूमच्या आणि ओट्यावरच्या टाइल्स, भिंतभर वॉर्डरोबची मागची बाजू वजा व्हायला हवी. कोटेशनमध्ये आकडा याहून बराच मोठा दिसला तर फूटपट्टी घेऊन एक खोली त्यांच्यासमोर मोजा. बाकीचा आकडा आपोआप खाली येतो.

लिटरचाही हिशेब ठेवा. डब्यावर दोन हातांचं कव्हरेज, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस फूट रंगतात ते, छापलेलं असतं. ते गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या भिंतीवरचं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात रंग थोडा जास्तच लागतो. क्षेत्रफळाला त्या आकड्याने भागा. आलेल्या उत्तरापेक्षा बरेच कमी लिटर आणले असतील तर एकतर दुसरा हात खाल्ला जाणार किंवा डब्यात पाणी ओतलं जाणार. सीलबंद डबे घरीच, तुमच्यासमोर उघडायला लावा. शेवटी रिकामे डबे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रत कोणती? दाखवण्यापुरतं साधं इमल्शन पुरे, एशियन पेंट्सच्या ट्रॅक्टरच्या दर्जाचं. त्यांच्याच रॉयलसारखा चकाकीचा महाग रंग जुन्या भिंतीवर उलट नुकसान करतो, कारण चकाकीत खिडकीतून तिरका उजेड आला की पुट्टीची प्रत्येक लाट उठून दिसते. पॅकेजवाला ‘अपग्रेड’ सुचवेल, ते नम्रपणे नाकारा. वाचलेले पैसे पुट्टी घासायला घाला. खिळ्यांची भोकं आणि भेगा भरून झाल्या की आधी 120 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर भुकटी झाडून प्रायमर, मग दोन हात, दोन्हींच्या मध्ये किमान चार तास. पावसाळ्यात त्याहून जास्त. काम तपासायला मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा. दिवसा न दिसणारे सगळे खड्डे दिसतात.

सगळं घर रंगवायची गरज बहुतेक वेळा नसते. हॉल, पॅसेज, किचनचं सीलिंग आणि मुख्य दाराची आतली बाजू, एवढ्यावर भागतं. मुलांच्या खोलीतली जांभळी भिंत मात्र फिक्या रंगात आणाच आणि ती झाकायला प्रायमरचा हात चुकवू देऊ नका, नाहीतर तिसरा हात लागतो. रंग ऑफ-व्हाइट किंवा फिकट राखाडीकडे झुकणारा ठेवा. शुभ्र पांढरा ट्यूबलाइटखाली निळसर आणि थंड दिसतो. मुख्य दाराचा उंबरठा, स्टिकरची रांगोळी निघून चिकट पट्टे राहिलेला, रॉकेलने पुसून पॉलिश करा. चौकटीवरचं सुकलेलं तोरण उतरवा. दाराबाहेरच्या चपलांच्या रॅककडे आणि कचऱ्याच्या डब्याकडे कुठलंच पॅकेज बघत नाही, आणि पार्टी बेल वाजवून उभी असते तेव्हा तिच्यासमोर तेवढंच असतं.

साफसफाई: इथे पैसे टाका

रिकाम्या टू बीएचकेची नीट डीप क्लीनिंग म्हणजे तीन-चार माणसं आणि सहा ते आठ तास. दोन माणसं तीन तासांत उरकत असतील तर ती फक्त लादी पुसून गेली. हे काम रंगानंतरच. आधी करून घेतलं तर पॉलिश पेपरची भुकटी किचन ट्रॉल्यांच्या चॅनेलमध्ये (ज्या पट्ट्यांवर त्या सरकतात) पुन्हा जाऊन बसते आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ किचनला द्या. ओट्याखालचं सिंकचं कपाट उघडून बघा. तळाची प्लाय फुगून कडेचं लॅमिनेट उचललेलं, बाटली ट्रॅपच्या (सिंकखालच्या पाइपातल्या बाटलीच्या आकाराच्या भागाच्या) आटीवर पांढरा-हिरवट थर, मागच्या कोपऱ्यात झुरळांची काळी टिंबं आणि वर्षभर दुमडून ठेवलेल्या पिशव्या, असं चित्र बऱ्याच घरांत असतं. खरेदीदार हे कपाट उघडतोच. सफाईवाले ते फक्त पुसतात. पाहिजे ते असं: ट्रॅप उघडून साफ, वॉशर नवीन, सिंकच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन ब्लेडने कापून, जागा सुकवून नवीन भरणं आणि 24 तास सिंक न वापरणं. फुगलेली तळफळी बदलायला सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्या जागी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारी) मरीन प्लाय टाका आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. ट्रॉली अडकत असेल तर लगेच नवीन चॅनेल विकत घेऊ नका. बहुतेक वेळा चॅनेलमध्ये तेल आणि पीठ मिळून घट्ट झालेलं असतं. ते गरम पाणी आणि साबणाने काढा, स्क्रू आवळा, मग ठरवा.

चिमणीच्या जाळ्यांबाबत सावध. स्टीलची बॅफल फिल्टर गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून भिजवली तर चालतात. ॲल्युमिनियमची जाळी त्याच बादलीत टाकली तर काळी पडते आणि झिजते. सफाईवाल्याकडे बादली एकच असते. आधी विचारा.

बाथरूमच्या बाबतीत एक अट कोटेशनवर लिहूनच घ्या: ॲसिड वापरायचं नाही. ॲसिडने टाइल्स तासाभरात लखलखतात, पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि ज्या गळतीसाठी आधी पैसे घातले तिलाच पुन्हा वाट मिळते. नळांचं क्रोम डागाळतं. वाशी-नेरूळच्या जुन्या घरांत मोझॅक किंवा संगमरवराची लादी असेल तर तिची झळाळी जाते. आणि ॲसिडवर ब्लीच ओतलं तर क्लोरिन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. नळ आणि शॉवरवरचे पांढरे थर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने निघतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, कापड भिजवून गुंडाळायचं आणि वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासायचं. मात्र संगमरवरावर तेही सांडू देऊ नका.

हे थर काढायला आणखी एक कारण आहे. जाणता खरेदीदार शॉवरची जाळी बघूनच विचारतो, ‘टँकर येतो का?’ बोअरिंगचं आणि टँकरचं पाणी बहुधा जड असतं, क्षार तिथे दिसतात. घोडबंदर रोडवर हा प्रश्न हमखास येतो. थर काढा, पण उत्तर खरं द्या. टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात दिसतोच.

स्लायडिंग खिडक्या हे पॅकेजमधलं सगळ्यात दुर्लक्षित काम. ट्रॅकमधल्या धुळीने पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी आत उलटतं. मग खिडकीखालची भिंत ओलावते आणि दोष वॉटरप्रूफिंगला लागतो. मेट्रोच्या कामाशेजारच्या घरांत ट्रॅकमध्ये चिखलाचा दगड झालेला असतो. आधी सुका ब्रश आणि व्हॅक्यूम, मग तारेने भोकं मोकळी, शेवटी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते बघा. शटर घासत असेल तर खालची बेअरिंग बदला. खाडीकडच्या बाजूला, सीवूड्स-नेरूळच्या पट्ट्यात, ग्रिल गंजलेली असतात. वायर ब्रशने गंज लोखंडापर्यंत काढून, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर इनॅमलचे दोन. गंजावर थेट रंग मारला तर पुढच्या पावसात तो फुगतो.

बंद घराचा वास घालवायला रूम फ्रेशनर मारू नका, माणसं लगेच ओलीचा संशय घेतात. वास येतो तो बहुधा नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटल्यामुळे. त्या पाण्याचा थर ड्रेनेजचा वायू अडवतो. घर बंद असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन मग पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल टाकलं तर ते हळू आटतं. कमोडही फ्लश करा. डांबराच्या गोळ्या उचलून टाका. झुरळांसाठी जेलचे ठिपके फवारणीपेक्षा चांगले, पण त्यांना परिणाम दाखवायला काही दिवस लागतात आणि त्यांच्यावर फवारा किंवा ओलं फडकं मारलं की ते वाया जातात. म्हणजे जेल सफाईनंतर, आणि पहिल्या भेटीच्या आठवडाभर आधी.

उजेड, फोटो, आणि तो सोफा

एका खोलीत एकाच छटेचे दिवे ठेवा. 6500 केल्विनचा पांढरा आणि 3000 चा पिवळा शेजारी शेजारी लागले की भिंत डागाळल्यासारखी दिसते. 4000 सगळीकडे चालतो. पिवळ्या पडलेल्या स्विचबोर्डच्या फक्त प्लेट बदलल्या तरी फरक पडतो.

फोटोंसाठी वेगळे पैसे घेत असतील तर आधी त्यांची जुनी कामं बघा. अतिरुंद लेन्सने दहा बाय दहाची खोली सभागृहासारखी दिसते आणि प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरलेला, दिवसा, सगळे दिवे लावून, कमोडचं झाकण बंद. बारा-पंधरा फोटो पुरतात. त्यात खिडकीतून दिसणारं दृश्य आणि पार्किंग हवंच. येऊरचे डोंगर दिसत असतील तर पावसानंतरच्या हिरव्या दिवसांत फोटो काढून ठेवा.

भाड्याच्या फर्निचरबद्दल वर बोललोच. रिकाम्या मोठ्या थ्री बीएचकेत एखाद वेळी उपयोग होतो. बाकी घरांत बेडरूमच्या लादीवर मास्किंग टेपने 72 बाय 78 इंचांचा चौकोन आखा. ‘डबल बेड बसेल का?’ याचं उत्तर बायको-नवरा दोघांना तिथेच मिळतं, आणि खर्च टेपच्या एका गुंडाळीचा.

कधी करावं, आणि कुणी करूच नये

कामाचा मुहूर्त पितृपक्ष. लोक त्या पंधरवड्यात घर बघायला फारसे येत नाहीत, पाऊस ओसरू लागलेला असतो आणि कारागीर मोकळे मिळतात. ओलीची तोडफोड गणपती झाल्याबरोबर काढली तर सुकायला वेळ मिळतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर दाखवता येतं. जून ते ऑगस्टमध्ये फक्त गळती शोधा. शोधायला तोच काळ उत्तम, रंगवायला सगळ्यात वाईट. सोसायटीची कामाची वेळ, दुपारची सुट्टी आणि रविवारची बंदी आधी विचारून घ्या. डेब्रिजच्या गोण्या आणि लिफ्टचं संरक्षण कुणाच्या खर्चाने, हेही.

भेटी शक्यतो सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. पश्चिमेकडची घरं दुपारी तीननंतर तापलेली असतात. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर त्या वेळेशी भेट जुळवा, कारण नळ सोडून बघितला जातोच.

नौपाडा-पाचपाखाडीतल्या पुनर्विकासाच्या वाटेवरच्या इमारती, तसंच वाशी-नेरूळमधली जुनी सिडकोची घरं यांच्यात असला खर्च करू नका. तिथला खरेदीदार भिंती विकत घेत नाही. त्याला पुनर्विकासाचं कुठवर आलंय ते हवं असतं. तिथे झाडलोट करा, दिवे लावा आणि कागदांची फाइल तयार ठेवा. बाकी सगळ्यांनीही ठेवावी: करारनाम्यांची पूर्ण साखळी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. नवी मुंबईत बहुतेक जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे आधीच्या हस्तांतरणाचे सिडकोचे कागदही. फ्लॉवर बेड किंवा बाल्कनी आत घेतली असेल तर मंजूर नकाशा स्वतः आधी उघडून बघा, बँकेचा व्हॅल्युअर तो बघणारच. इमारत पंधरा वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटबद्दलही विचारलं जातं. उपविधींत पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी ते करायचं असतं.

कुणी पॅकेज घ्यावं? मालक पुण्यात किंवा परदेशात, भाडेकरू नुकताच गेलेला, घर कोरडं. अशांना एकाच माणसाशी बोलायचं सुख आहे आणि त्याचे चार पैसे जास्त गेले तर हरकत नाही. घरात जरा जरी ओल असेल तर प्लंबर वेगळा, रंगारी वेगळा, सफाई वेगळी, याच क्रमाने.

घ्यायचंच ठरलं तर पैशांचे तीन हप्ते करा: सामान येईल तेव्हा, रंगाचा दुसरा हात झाल्यावर, आणि सफाई तपासून आठवड्याने शेवटचा. शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून कमी नको. चावी कुणाकडे राहणार ते लिहून ठेवा. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची गॅरंटी देत असतील तर तिच्यात कुठली भिंत, कुठला सांधा हे नाव घेऊन लिहिलेलं हवं, आणि घर विकल्यावर ती नव्या मालकाच्या नावे चालू राहील असं एक वाक्यही. बहुतेक छापील गॅरंटी कार्डांवर ते वाक्य नसतं.